आधी पाइप, मग सील: जुन्या छोट्या गाडीचा पुढचा शॉकअप गोव्यात दुरुस्त करताना

दुचाकीच्या पुढच्या शॉकअपच्या चकचकीत पाइपवर, डस्ट कव्हरच्या दोन बोटं वर, तांबड्या मातीचं वर्तुळ जमलेलं दिसतं. बोट फिरवलं की तेलकट लागतं. डिचोली-सांखळीकडे फिरणाऱ्या गाडीवर हे वर्तुळ गडद तांबडं असतं, किनाऱ्यालगतच्या गाडीवर रेतीमुळे खरखरीत. दोन्हीकडे अर्थ एकच: ऑइल सील, म्हणजे आतलं ऑइल अडवणारं रबरी कडं, गळायला लागलंय.

अशी गाडी गॅरेजात नेली की दोन नवी सीलं बसवून मिळतात आणि पुढच्या पावसाळ्यात वर्तुळ परत हजर होतं. मग दोष सीलच्या कंपनीला दिला जातो. पण गोव्याच्या हवेत सील सहसा स्वतःहून मरत नाही, त्याला पाइप मारतो. खाऱ्या वाऱ्याने क्रोमला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, खड्ड्याच्या कडा वर उचलल्या जातात आणि गाडी रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात बसताना ती कड सीलचा रबरी ओठ कापत जाते. तो पाइप तसाच ठेवून वर कितीही महागडं सील घातलं तरी ते फार तर काही महिने टिकणार.

शॉकअप कुठल्या जातीचा?

गाडी बॉबी (राजदूत जीटीएस 175) असो, आरएक्स 100 असो, सीडी 100 असो की लुना, पाना हातात घेण्याआधी शॉकअप ऑइलचा आहे की ग्रीसचा हे ठरवा. बॉटमच्या, म्हणजे खालच्या नळकांड्याच्या, तळाशी बाजूला छोटा ड्रेन स्क्रू किंवा खालून आत जाणारा ॲलन बोल्ट दिसला तर बहुतेक ऑइलचा. दोन्ही नाहीत, कुठे तरी ग्रीस निपल आहे किंवा बाहेर नुसता रबरी बूट आहे, आणि दाबून सोडल्यावर गाडीचं तोंड दोन-तीनदा वरखाली डुलत राहतं, तर आत फक्त स्प्रिंग, बुश आणि ग्रीस.

ग्रीसच्या शॉकअपमध्ये ऑइल ओतू नका. त्यात ऑइल अडवणारं सीलच नसतं. चार दिवसांत ते ऑइल खाली उतरून चाकावर आणि ब्रेक ड्रमवर येईल.

ग्रीसवाल्याचं काम थोडक्यात सांगून टाकतो. खोला, जुनं ग्रीस डिझेलने धुऊन काढा. स्प्रिंग ओढून काढू नका, कारण काही गाड्यांत तिची टोकं आट्यांवर फिरवून बसवलेली असतात आणि ती फिरवूनच निघतात. बुश पाइपवर घालून हाताने हलवून बघा. अर्धा मिलिमीटर खडखडला तरी बुश बदला, जुना नायलॉनचा असेल तर लेथवाल्याकडून गनमेटलचा करून घेता येतो. बॉटमच्या तळाला पाणी जायला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजतं आणि मग पावसाचं पाणी आतच साचून तळ आतून कुजतो. दोन मिलिमीटरच्या तारेने ते मोकळं करा. पाण्याने न धुपणारं, होड्यांच्या इंजिनांना वापरतात तसं ग्रीस भरा, साधं नको. भरताना स्प्रिंगला सगळीकडून लेप बसेल एवढंच. नळकांडं ठासून भरलं तर शॉकअप पूर्ण दबत नाही.

इथून पुढचं सगळं ऑइलच्या शॉकअपबद्दल.

काय आणून ठेवायचं

दोन ऑइल सीलं, दोन डस्ट सीलं, तळाच्या ॲलन बोल्टसाठी दोन तांब्याचे वॉशर, ड्रेन स्क्रूचे दोन वॉशर, वरच्या टोपीच्या दोन ओ-रिंगा, आणि 10W चं फोर्क ऑइल (शॉकअपचं ऑइल) अर्धा लिटर. बहुतेक छोट्या गाड्यांत दर पायाला, म्हणजे एका बाजूच्या शॉकअपला, 200 मिलीपेक्षा कमीच लागतं, पण थोडं धुण्यात जातं. इंजिन ऑइल वापरू नका. 20W-40 फार जाड पडतं आणि शॉकअप लाकडासारखा ताठ होतो. अगदीच अडलं तर कारच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते एटीएफ चालून जातं.

सील मागताना गाडीचं नाव सांगून थांबू नका. जुन्या सीलवर तीन आकडे कोरलेले असतात: आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. 30 मिमीच्या पाइपला पहिला आकडा 30 असलाच पाहिजे. तिसरा आकडा जुळला नाही तर सर्कलिप, म्हणजे सील जागेवर धरून ठेवणारी कडी, तिच्या खाचेत बसणार नाही. आकडे पुसले असतील तर व्हर्नियरने पाइप आणि बॉटमची खोबण मोजा, सील मोजू नका, कारण जुनं रबर फुगलेलं असतं.

हत्यारांत 6 मिमीची लांब ॲलन की (8 मिमीच्या बोल्टला हीच लागते), रिंग पाने, सर्कलिपचा प्लायर, 50-60 मिलीची सिरिंज, स्टीलची पट्टी, आणि सीलच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित लहान असा पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा. आपल्याकडे पीव्हीसी पाइप बाहेरच्या मापाने विकतात, त्यामुळे 40 आणि काही मिमीच्या सीलला 40 चा तुकडा बरोबर लागतो.

खोलण्याचा क्रम

इथे क्रम चुकला की अर्ध्या तासाच्या कामाला दिवस जातो.

गाडी मेन स्टँडवर, चाक अजून जमिनीला टेकलेलं. वरच्या टीचे, म्हणजे हँडलखाली पाइप धरून ठेवणाऱ्या पट्टीचे, आवळबोल्ट सैल करा. खालच्या टीचे तसेच घट्ट राहू द्या. आता पाइपच्या वरची टोपी फक्त अर्धा आटा सैल करा. आधी वरची टी सैल करण्याचं कारण असं की ती पाइपला आवळून धरते आणि त्या दाबाने टोपीचे आटे जाम होतात. तशीच जोर लावून फिरवली तर टोपीचे कोपरे गोल होतात.

लगेच तळाचे ॲलन बोल्टही एक आटा सैल करून घ्या. हा बोल्ट आतल्या डॅम्पर रॉडमध्ये जातो. स्प्रिंग जागेवर असताना ती रॉडला दाबून धरते, म्हणून बोल्ट सुटतो. स्प्रिंग काढल्यानंतर हाच बोल्ट फिरवायला गेलात तर रॉड सोबत गरगरत राहील. तसं झालंच तर बांबूच्या काठीचं टोक निमुळतं तासून पाइपमधून वरून रॉडच्या डोक्यात ठोकून धरा आणि मग खालून बोल्ट फिरवा. बोल्टच्या खाचेत माती भरलेली असते, की घालण्याआधी सुईने ती पूर्ण काढा. ॲलन की अर्धवट बसली आणि खाच गोल झाली तर पुढे ड्रिलच मारावं लागतं.

आता इंजिनाखाली लाकडी ठोकळा, चाक वर. ब्रेकची केबल, स्पीडोमीटरची केबल, ॲक्सल, चाक, मडगार्ड या क्रमाने. आता खालच्या टीचे आवळबोल्टही सैल करा आणि पाय एकेक करून टीमधून गोल फिरवत खाली ओढा. खेचून निघत नसेल तर टीच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून ती किंचित उघडा, हातोडा मारू नका.

टोपीचे शेवटचे दोन आटे तळहाताने दाब देऊन उघडा. खाली स्प्रिंग दबलेली असते आणि टोपी थेट तोंडाकडे उडते. स्प्रिंग कुठल्या टोकाने वर होती ते लक्षात ठेवा. काही स्प्रिंगांचे वेढे एका टोकाला जवळजवळ असतात. ऑइल पातेल्यात ओता आणि नीट बघा. राखाडी म्हणजे नेहमीची झीज. चहासारखं दुधाळ म्हणजे पाणी आत गेलंय. सोनेरी किंवा रुपेरी चकमक दिसली तर बुश झिजतोय.

सर्कलिप काढल्यावर सील सुटत नसेल तर बॉटमवर उकळतं पाणी ओता. बॉटमचं ॲल्युमिनियम सीलच्या धातूच्या कड्यापेक्षा जास्त फुगतं आणि पकड ढिली होते. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा कडेवर ठेवून त्याच्या आधाराने जाड स्क्रू ड्रायव्हरने सील उचका. बॉटमच्या कडेला ओरखडा पडला तर नवं सील बाहेरच्या बाजूने गळेल.

पाइप

खरं काम हे. यावर घाई करू नका.

पाइप रॉकेल किंवा डिझेलने पुसून कोरडा करा आणि उन्हात धरून नखाने खालपासून वर हळूहळू चाचपा. डोळ्याला डाग दिसतो तिथे नख अडकत नसेल तर तो नुसता डाग आहे. नख जिथे अडकतं तो खड्डा. प्रत्येक खड्ड्यावर मार्करने गोल करा.

सगळे खड्डे सारखे घातक नसतात. सील पाइपच्या ज्या पट्ट्यावर फिरतं तेवढाच पट्टा महत्त्वाचा. पाय मोकळा असताना सील जिथे असतं तिथून वर, शॉकअपची जेवढी चाल आहे तेवढा. चाल ठाऊक नसेल तर खोलण्यापूर्वीच पाइपवर केबल टाय बांधा, पुढचा ब्रेक धरून दोन-तीनदा जोरात दाबा, टाय जिथे सरकून थांबेल ती साधारण वरची हद्द. त्या हद्दीच्या वर, हेडलाइटच्या कानांखाली कितीही गंज असला तरी सीलला त्याचं काही नाही. तिथला गंज मात्र खाली पसरतो म्हणून घासून त्यावर ग्रीसचा हात फिरवा.

काहीजण पाइप टीमध्ये अर्धा फिरवून बसवतात, खड्डे पुढून मागे नेले की गळती थांबेल म्हणून. सील पाइपला चहूबाजूंनी मिठी मारून बसतं. खड्डा पुढे असो की मागे, ओठ कापायचा तो कापतोच.

पट्ट्यात एक-दोनच खड्डे असतील तर ते भरता येतात. आधी बारीक ऑइल स्टोनने उचललेल्या कडा सपाट करा. खड्ड्यातला काळा गंज सुईने खरवडून काढा, थिनरने धुवा, टूथपिकने दोन भागांचं इपॉक्सी भरून थोडं वर येऊ द्या. चोवीस तासांनी 1000 आणि नंतर 1500 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा, आणि पेपर पाइपभोवती गोल फिरवा. उभा, वरखाली घासू नका. उभ्या ओरखड्यांतून ऑइल वातीसारखं वर चढतं. ही मलमपट्टी आहे, एक-दोन वर्षं काढून देते.

खड्डे पाच-सहा झाले किंवा क्रोमची पापडी निघायला लागली तर दोनच रस्ते. आरएक्स 100 चं उत्पादन 1996 मध्ये बंद झालं, पण तिचे नवे पाइप अजूनही बाजारात मिळतात. तेव्हा त्या गाडीसाठी जुना पाइप कुरवाळत बसू नका. घेताना नवा पाइप व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा, स्वस्तातल्या पाइपांत माप हलतं. बॉबीसारख्या गाडीचे पाइप सहजी मिळत नाहीत, तिथे जुनाच पाइप हार्ड क्रोम करून घ्यावा लागतो. हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यांना हे काम रोज होतं, त्यामुळे बेळगाव किंवा कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारागीर मिळतात. त्यांना सांगायचं ते असं: जुना क्रोम काढून ग्राइंड करा, हार्ड क्रोम चढवा आणि पुन्हा ग्राइंड करून मूळ मापावर आणा. नुसता चमकीचा, सायकलच्या हँडलला करतात तसा क्रोम उपयोगाचा नाही. मूळ माप पाइपवरच लिहिलेलं असतं म्हणा ना: वरच्या टीत दाबून असलेला भाग कधी झिजत नाही, तिथे मायक्रोमीटर लावून आकडा घ्या आणि तोच कागदावर लिहून पाइपसोबत द्या. लेथवाल्याने साध्या जीआय पाइपचा (पाण्याच्या नळाला वापरतात त्या जस्ताच्या पाइपचा) शॉकअप बनवून देतो म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. ती नळी ब्रेकचा झटका सोसण्यासाठी केलेली नसते.

वाक बघायला जाड काचेवर पाइप ठेवून हळू लोटा. खालून उजेड डोकावला आणि फिरताना फट लहानमोठी झाली तर पाइप वाकलाय. वाक बहुधा खालच्या टीच्या लगेच खाली असतो, कारण खड्ड्यात आपटल्यावर सगळा जोर तिथे एकवटतो. व्ही-ब्लॉक आणि डायल असेल तर पाइप गोल फिरवून काटा जेवढा हलेल त्याच्या निम्मा वाक धरा. 0.2 मिमीच्या वर गेला तर तसा बसवू नका. थोडा वाक हायड्रॉलिक प्रेसवर निघतो, पण वाकलेल्या जागी आतल्या बाजूला सुरकुती किंवा चीर दिसली तर तो पाइप भंगारात टाका.

जोडणी

बॉटम आतून डिझेलने धुऊन हवेने सुकवा. तळाशी राखाडी गाळ चिकटलेला असतो, तो बोटाला लागेनासा होईपर्यंत काढा. दोन्ही स्प्रिंगा शेजारी उभ्या करा. उंचीत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल किंवा कंपनीच्या मापापेक्षा खाली बसल्या असतील तर जोडीने बदला, एक कधी नको.

रॉड आणि पाइप बॉटममध्ये घाला, तळाचा बोल्ट नव्या तांब्याच्या वॉशरसह, आट्यांना लॉकिंग सोल्युशनचा एक थेंब लावून, साधारण 20 न्यूटन मीटरला आवळा. जुना वॉशर पुन्हा वापरला तर तिथूनच झिरपेल आणि तुम्ही सीलला दोष द्याल.

आता सील. पाइपच्या वरच्या टोकाला धारदार कड असते. तिच्यावर दुधाच्या पिशवीचा तुकडा ओढून घ्या आणि बाहेरून ऑइल लावा, म्हणजे ओठ कापला जाणार नाही. सीलच्या एका बाजूला बारीक गोल स्प्रिंग दिसते, ती बाजू खाली, ऑइलकडे. आकडे कोरलेली बाजू वर. ओठांमध्ये ग्रीस भरा. जुनं सील नव्यावर ठेवा आणि त्यावर पीव्हीसीचा तुकडा धरून रबरी हातोड्याने गोल फिरत हलके ठोके द्या. एका बाजूला वाकडं गेलं तर थांबा, काढा, पुन्हा सरळ बसवा. सर्कलिपची खाच पूर्ण दिसायला लागली आणि ठोक्याचा आवाज पोकळचा भरीव झाला की सील तळाला टेकलं. सर्कलिप घालून बोटाने फिरवून बघा, ती खाचेत मोकळी फिरली पाहिजे. मग डस्ट सील.

ऑइल भरताना कंपनीच्या पुस्तकात दोन आकडे असतात: नुसतं बदलताना किती, आणि पूर्ण खोलल्यावर किती. नुसतं गाळलं तर थोडं आत राहतं, म्हणून दुसरा आकडा मोठा. आपण पूर्ण खोललंय, तेव्हा मोठा घ्या. पुस्तक नसेल तर उंचीने भरा. स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, ऑइल ओतून पाइप दहा-बारा वेळा सावकाश वरखाली करा, हवेचे बुडबुडे थांबले की पाच मिनिटं उभा ठेवा. मग पाइपच्या तोंडापासून ऑइलच्या पातळीपर्यंत 140 मिमी ठेवून सुरुवात करा. सिरिंजच्या नळीवर 140 ला टेप गुंडाळली की जास्तीचं ऑइल आपोआप नेमकं ओढलं जातं. दोन्ही पायांत एकच पातळी हवी. नंतर शॉकअप तळाला खट्ट आपटत असेल तर दोन्हीत पाच-पाच मिली वाढवत जा. फार भरलं तर आतली हवा दबायला जागा उरत नाही आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात नवं सील बाहेर येतं.

पाय टीमध्ये घालून दोन्ही पाइपची टोकं वरच्या टीशी समपातळीत आणा, खालचे आवळबोल्ट आधी लावा, टोप्या आवळा, मग वरचे. 8 मिमीच्या आवळबोल्टला 20 न्यूटन मीटर पुरे. जास्त दाबला तर टीच्या कानाला चीर जाते.

चाक बसवताना ब्रेक प्लेटची खाच बॉटमवरच्या उंचवट्यात बसली आहे ना, हे दोनदा बघा. पुढच्या ब्रेकची सगळी ओढ हा उंचवटा घेतो. तो खाचेबाहेर राहिला तर पहिल्याच ब्रेकला प्लेट चाकासोबत फिरते, चाक जाम होतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. या लेखात एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे.

ॲक्सल हाताने आरपार गेली पाहिजे. ठोकावी लागत असेल तर पाय एकमेकांना समांतर नाहीत. ॲक्सलची नट सैल ठेवून चाक जमिनीवर टेकवा, पुढचा ब्रेक धरून पाच-सहा वेळा दाबा, पाय आपापल्या जागी बसतील, मग नट आवळा. सील गळून ब्रेकवर ऑइल गेलेलं असेल तर ड्रम पेट्रोलने पुसा, ब्रेक शू मात्र नवे घाला. ऑइल प्यालेलं लायनिंग धुऊन येत नाही.

गाडी उघडीच आहे तर कोनसेटही, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंगही, तपासा. चाक वर असताना हँडल एका बाजूकडून दुसरीकडे हळू न्या. मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर छर्र्यांनी कपांत घळी पाडल्या आहेत. कप, कोन, छर्रे सगळं बदला, नुसतं ग्रीस भरून ती अडक जात नाही.

नंतरची देखभाल

पहिल्या 50 किलोमीटरनंतर आवळबोल्ट पुन्हा बघा आणि डस्ट सीलच्या वर पांढरा कपडा फिरवा. पहिल्या दिवसांत ऑइलची पुसट रेघ येणं ठीक, ती जोडणीच्या वेळचं ग्रीस असते. आठवड्यानेही ओली रेघ येत असेल तर सील वाकडं बसलंय किंवा एखादा खड्डा नजरेतून सुटलाय.

जून ते सप्टेंबर पाइप आठवड्याला गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि फोर्क ऑइलचा एक थेंब बोटाने पाइपभर पसरवा. रायबंदर-चोडणच्या फेरीवर रोज गाडी चढवत असाल किंवा गाडी समुद्राच्या वाऱ्यावर उभी राहत असेल तर दर दोन दिवसांनी. रबरी बूट घातलेले असतील तर महिन्याला वर सरकवून आत बघा. बुटाच्या तळाला हवेचं भोक नसेल तर आत खारं पाणी साचतं आणि बाहेरून सगळं ठाकठीक दिसत असताना पाइप आतल्या आत खड्डे धरतो. असा बूट मिळाला तर गरम सुईने खालच्या घडीत मागच्या बाजूला दोन भोकं पाडा.